शेवटी उरलेला भिडू



दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेत कबड्डीचा आपसातला सामना होईल. सरावाला येणाऱ्या चौदा मुलांचे सात-सातचे दोन संघ पाडायचे, सामना खेळवायचा आणि त्यानंतर आंतरशालेय स्पर्धेसाठी आपला संघ ठरवायचा, अशी आपली जुनी पद्धत आहे. सामना चांगलाच होतो. मला आज लिहायचे आहे ते सामन्याच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल. त्या दहा मिनिटांत भिडू वाटले जातात.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी कार्यालयाच्या खिडकीतून मैदानाकडे पाहत होते. दोन कप्तान समोरासमोर उभे होते आणि बाकीची बारा मुले एका ओळीत. एकाने एक नाव पुकारले, दुसऱ्याने दुसरे. ज्याचे नाव येई तो हसत, टाळी देत आपल्या कप्तानाच्या मागे जाऊन उभा राही. ओळ लहान होत गेली. शेवटी तीन मुले उरली, मग दोन, मग एकच. त्या शेवटच्या मुलाचे नाव कोणी पुकारलेच नाही. कप्तानाने नुसती मान हलवून त्याला आपल्या बाजूला बोलावले. तो खाली पाहत गेला. मी हे सगळे पाहिले आणि पुन्हा फायलींकडे वळले. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. हे मला कळले पंधरा दिवसांनी, पालकसभेत त्याच्या आईकडून. त्या म्हणाल्या, "मॅडम, तो घरी सांगतो की मला कोणी घेतले नाही, मी उरलो होतो."

त्या मुलांचा यात दोष नाही. त्यांनी जे नेहमी पाहिले तेच केले. दोष आम्हा मोठ्यांचा आहे, आणि त्यातही पहिला माझा, कारण मी खिडकीत उभी होते. म्हणून या विषयावर विचार करून काही नियम ठरवले आहेत. त्यामागची कारणे सर्वांना कळावीत, यासाठी हा लेख.

प्रथम हे पाहू की आपसातला सामना असतो कशासाठी? तो जिंकण्यासाठी नसतो, कारण जिंकले तरी आपणच आणि हरलो तरी आपणच. कोणाला काय येते हे पाहण्यासाठी तो असतो. समजा दोन्ही उत्तम कोपरारक्षक आणि सर्वांत चपळ चढाईपटू एकाच बाजूला गेले. मग त्या चढाईपटूला समोर कच्ची पकड मिळते आणि तो सहज गुण घेऊन परततो. आपल्याला वाटते, काय चढाई आहे! चांगल्या साखळीपुढे त्याचे काय होईल हे मात्र कळतच नाही. ते कळते स्पर्धेच्या दिवशी, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणजे दोन्ही बाजू समान असणे ही काही दयेची गोष्ट नाही, संघाच्या हिताचीच गोष्ट आहे.

मग भिडू समान कसे वाटायचे? येथे आठवी-नववीच्या मुलांनी वही-पेन घ्यावे. दोन कप्तान सोडून बारा खेळाडू आहेत. सर्वांत चांगल्याला १२ गुण, त्याच्या खालच्याला ११, असे करत शेवटच्याला १ गुण द्या. आता आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे एकदा याने, एकदा त्याने, असे निवडा. पहिल्या कप्तानाकडे १२, १०, ८, ६, ४, २ येतात, बेरीज ४२. दुसऱ्याकडे ११, ९, ७, ५, ३, १ येतात, बेरीज ३६. नाणेफेक जिंकली एवढ्यावरच पहिल्याला सहा गुणांचा फायदा! आता क्रम बदलू. पहिल्याने एक निवडावा, मग दुसऱ्याने सलग दोन, पुन्हा पहिल्याने दोन, असे करत जावे. पहिल्याकडे १२, ९, ८, ५, ४, १ आणि दुसऱ्याकडे ११, १०, ७, ६, ३, २ येतात. दोन्हींची बेरीज करून पाहा. ३९ आणि ३९. खेळाडू तेच आहेत, फक्त पाळी बदलली.

हा विचार जगात इतरत्रही झाला आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत त्यांच्या फुटबॉलच्या वसंतातल्या सरावाअखेर एकाच संघाचे दोन भाग करून सामना खेळवतात, आणि काही ठिकाणी त्यासाठी पाळीपाळीने खेळाडू निवडतात. त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये १९३६ पासून अशी रीत आहे की महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड करताना पहिली पाळी आदल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाची. दुबळ्याला आधी हात घालू दिला तर सामने चुरशीचे होतात, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

पण अमेरिकेपर्यंत जायची तरी काय गरज? आमच्या लहानपणी परदेशीपुऱ्याच्या गल्ल्यांत मराठी आणि हिंदी बोलणारी मुले एकत्र खेळत. मिलचा भोंगा वाजला की घरी पळायचे, हा नियम. तेव्हा भिडू वाटण्याची एक सुंदर रीत होती. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले जोडी करून बाजूला जात आणि कानात कुजबुजून नावे ठरवत, एक चंद्र, एक सूर्य. मग दोघे कप्तानांसमोर येऊन विचारत, "चंद्र हवा की सूर्य?" कप्तान मागे तो चंद्र, पण चंद्र कोण हे त्याला ठाऊकच नसे. संघ आपोआप समान होत आणि कोणीही उरत नसे. अगदी लहान भाऊ-बहीण बरोबर असले तर ते लिंबूटिंबू. त्यांच्यावर राज्य नाही, ते बाद नाहीत, पण खेळात आहेत! पुस्तकात न लिहिलेली ही समज त्या धुळीच्या गल्लीत होती. शाळेच्या चांगल्या मैदानावर आल्यावर ती आपण हरवून बसलो.

यावर काही पालक म्हणतील, आणि एका विश्वस्तांनी मला तसे विचारलेही, "बाई, पुढे जगात स्पर्धाच आहे. क्रिकेटपटूंचा तर भर सभेत लिलाव होतो. मुलांना आतापासून सवय नको का?" प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी आपल्या इंदूरच्याच मुलाकडे पाहू.

रजत पाटीदार २०२१ मध्ये आयपीएलमध्ये बंगळुरूकडून खेळला. फेब्रुवारी २०२२ च्या मोठ्या लिलावात त्याला कोणीही घेतले नाही. दहा संघ होते, प्रत्येकाकडे जाणकार, प्रत्येकाकडे आकडेवारी. तरी तो उरला. पुढे लुवनिथ सिसोदिया जखमी झाला म्हणून त्याच्या जागी रजतला बोलावणे आले. २५ मे २०२२ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, हरला तो बाहेर अशा सामन्यात, त्याने लखनौविरुद्ध ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा केल्या. पुढच्याच महिन्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने १२२ धावा केल्या आणि मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. आणि ३ जून २०२५ रोजी बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकले तेव्हा त्या संघाचा कप्तान रजत पाटीदारच होता.

त्या रणजी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९९८-९९ मध्ये ते मध्य प्रदेशचे कप्तान होते आणि बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी करंडक उचलला.

एवढ्या जाणकारांची निवड चुकू शकते, तर आपला पंधरा वर्षांचा कप्तान दोन सेकंदांत करतो त्या निवडीचे काय? तो कोणाला निवडतो? आधी आपल्या मित्राला, मग उंच मुलाला, मग ज्याच्याकडे चांगले बूट आहेत त्याला. ती निवड गुणांची नसतेच, ओळखीची असते.

पण मला रजतच्या उदाहरणाचा चुकीचा अर्थ नको आहे. उरलेला प्रत्येक मुलगा पुढे कप्तान होईल असे नाही. बहुतेक होणार नाहीत. गेल्या वर्षीचा आपला तो मुलगाही कदाचित मोठा खेळाडू होणार नाही. त्याला कबड्डी आवडत होती, एवढेच. संध्याकाळी एक तास तो धावत होता, घामाघूम होत होता, त्याला मित्र मिळत होते. ते सगळे आमच्या दहा मिनिटांनी काढून घेतले. शाळेला हे करण्याचा अधिकार नाही. स्पर्धेची सवय लावायची तर ती चढाईत लागेल, पकडीत लागेल, गुणफलकावर लागेल. सर्वांसमोर उभे राहून वाट पाहण्यात ती लागत नाही.

म्हणून या वर्षापासून मुलांच्या कबड्डीत आणि मुलींच्या खो-खोत असे होईल. दोन्ही कप्तान क्रीडाशिक्षक ठरवतील आणि ते साधारण समान ताकदीचे असतील. निवड मैदानावर होणार नाही. कप्तान क्रीडाशिक्षकांच्या खोलीत बसून, कागदावर, वर सांगितलेल्या क्रमाने भिडू निवडतील. कोण कितवा निवडला हे ते कोणालाही सांगणार नाहीत. कप्तानपदाची ही पहिली जबाबदारी. दोन्ही संघांची नावे वर्णानुक्रमे, एकाच वेळी फलकावर लागतील. खो-खोत राखीव खेळाडू असतात, तेथे प्रत्येकीला किमान एक पाळी खेळायला मिळेलच.

शाळेचा अंतिम संघ मात्र केवळ गुणांवरच निवडला जाईल. त्यात सवलत नाही, कोणाच्या शिफारसीने बदलही नाही. ज्यांची निवड होणार नाही त्यांना क्रीडाशिक्षक एकेकट्याला बोलावून काय कमी पडले आणि काय सुधारायचे ते सांगतील. नाकारले जाणे मुलांना सहन होते. कारण न सांगता, सर्वांसमोर नाकारले जाणे सहन होत नाही. तुम्हा-आम्हालाही होत नाही.

विश्वस्त मंडळाला सांगते, यासाठी एक पैसाही लागणार नाही. पालकांना विनंती, मूल घरी आले की "कोणी जिंकले?" याच्या आधी "आज किती वेळ खेळलास?" हे विचारा. आणि कप्तानांनो, कागदावर शेवटचे नाव लिहाल तेव्हा लक्षात ठेवा, सातवा भिडू नसेल तर तुमचा संघ पूर्ण होतच नाही.

तो मुलगा या वर्षी पुन्हा सरावाला येऊ लागला आहे. क्रीडाशिक्षक दोनदा त्याच्या घरी जाऊन आले, तेव्हा कुठे आला. हा लेख लिहिण्याआधी मी त्याला विचारले. तो म्हणाला, "लिहा मॅडम, पण नाव नका लिहू." नाव लिहिलेले नाही. सामन्याच्या दिवशी तो चौदांपैकी एक असेल, आणि त्याला ओळखण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

सामन्याला सर्वांनी अवश्य यावे. दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवाव्यात, कारण दोन्ही बाजू आपल्याच आहेत.

आपली,
प्राचार्या