मौजेचे सर्क्युलर

डिसेंबर जवळ आला की कार्यालयांतून एका गहन विषयावर बैठका सुरू होतात: यंदाच्या पार्टीत खेळ कोणते ठेवायचे? कर्जत किंवा मुळशीचे रिसॉर्ट शनिवार-रविवारसाठी ठरते आणि एचआर विभागाची यादी निघते. संगीत खुर्ची, रस्सीखेच, तंबोला, अंताक्षरी आणि डोळे मिटून सहकाऱ्याच्या हातांवर पाठमोरे पडण्याचा तो विश्वासाचा खेळ. ज्याच्या हाती वर्षभर एक्सेलची फाइल सोपवायची भीती वाटली, त्याच्या हाती त्या दिवशी पाठ सोपवायची. सर्क्युलरच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ असते: उपस्थिती अनिवार्य.

संघभावनेच्या या हौसेने परदेशांत बरेच काही घडवले आहे. जून 2022 मध्ये झुरिकजवळ एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी निखाऱ्यांवरून चालण्याचा कार्यक्रम ठेवला. 25 जण भाजले. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोच्या माउंट शवानो शिखरावर कार्यालयीन सहलीला गेलेल्यांपैकी एक जण मागे राहिला आणि त्याला रात्र डोंगरावर काढावी लागली. परतीची वाट कळावी म्हणून खुणेसाठी ठेवलेल्या वस्तू आधी उतरलेल्या सहकाऱ्यांनी गोळा करून नेल्या होत्या. संघाने आवराआवर मात्र चोख केली.

फ्रान्समध्ये प्रकरण न्यायालयात गेले. पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने 2015 मध्ये एका कर्मचाऱ्याला काढून टाकले. त्याच्यावरील आक्षेपांपैकी एक असा, की कंपनीला अभिप्रेत असलेल्या मौजमजेत तो सामील होत नाही. या मौजेत भरपूर मद्यपान आणि अचकट-विचकट प्रकार यांचा समावेश होता. नोव्हेंबर 2022 मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने कर्मचाऱ्याची बाजू उचलून धरली. गंमत न करण्याचा हक्क मिळवायला त्याला सात वर्षे लागली.

आपल्याकडे निखारे नाहीत, पण बुजरा अकाउंटंट, गुडघेदुखीने हैराण झालेल्या वरिष्ठ बाई आणि नाचायचे नाही हे साहेबांना कसे सांगावे या विवंचनेतील नवी मुलगी आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा आणि मालकाने दिलेले वाहन, दोन्ही ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत बसतात. म्हणजे कार्यालयाचे नियम रिसॉर्टच्या फाटकापाशी संपत नाहीत. जोड्या लावून नाचवणारे आणि अंगाला अंग भिडवणारे खेळ निवडणाऱ्याने ती व्याख्या आधी वाचलेली बरी.

चांगले खेळ नाहीत असे नव्हे. न शिजवलेल्या स्पॅगेटीच्या 20 काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडी दोरी आणि एक मार्शमेलो एवढ्या सामानात 18 मिनिटांत उंच मनोरा उभारायचा, असा एक खेळ टॉम वुजेक यांच्या 2010 च्या भाषणामुळे जगभर पोहोचला. त्यांच्या निरीक्षणात बालवाडीतील मुलांनी बिझनेस स्कूलच्या पदवीधरांपेक्षा सरस मनोरे उभारले, कारण पदवीधरांचा वेळ म्होरक्या कोण हे ठरवण्यात जात होता. हा खेळ टेबलाशी बसून होतो, त्यात कुणाला कुणी धरत नाही आणि पदाचा उपयोग शून्य. अंताक्षरीचेही तेच: शिपायाने संचालकांना हरवले तरी कुणाची बढती अडत नाही.

डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी 1938 मध्येच हुकमाने खेळला जाणारा खेळ हा खेळ उरत नाही, असे मत मांडले होते. एचआर विभागांना ते कळवायला अजून उशीर झालेला नाही. यंदा सर्क्युलरमधून ‘अनिवार्य’ काढावे, खेळ रविवारऐवजी बुधवारी, कार्यालयाच्या वेळेत ठेवावेत, आणि जो येणार नाही त्याचे नाव मार्चच्या मूल्यमापनापर्यंत कुणी लक्षात ठेवू नये.