भांडण नाही म्हणून नाव नाही

आमच्या गावच्या ग्रुपवर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरला. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून ट्राम निघते, ऱ्हाईन नदीचा पूल ओलांडते आणि जर्मनीतल्या केल गावात जाऊन थांबते. 2017 पासून ही ट्राम चालू आहे. खाली सगळ्यांचं एकच, "भाऊ, याला म्हणतात सीमा!"

मी जसोंडीचा. जिल्हा बुऱ्हाणपूर, राज्य मध्य प्रदेश. मी खाली लिहिलं, "आपली रावेरची एसटी पण बॉर्डरवर पासपोर्ट मागत नाही." पोरं हसली. मग मला बहिणीचं अ‍ॅडमिशन आठवलं आणि माझंच हसू गेलं.

युरोपचं आधी नीट समजून घ्या. 1985 मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी पाच देशांनी करार केला. आज 29 देश त्यात आहेत. तुमच्याआमच्यासारख्याला एकच व्हिसा काढावा लागतो आणि 180 दिवसांत 90 दिवस या सगळ्या देशांत फिरता येतं. किमान 30 हजार युरोचा प्रवासविमा लागतो. पासपोर्ट खिशातच ठेवायचा, कारण सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. म्हणजे तिथंही सगळं गोड नाही. पण नियम लिहिलेला आहे, आणि एकदा शिक्का बसला की तो 29 देशांत चालतो.

आता आपल्या शेजारच्या "देशात" जायचे नियम सांगतो. अनुभवाने शिकलोय, सेव्ह करून ठेवा.

एक. एसटीत बायांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. माय रावेरहून माहेरपण करून परत येते तेव्हा हद्दीनंतर पूर्ण भाडं.

दोन. एमपी पासिंगची गाडी महाराष्ट्रात खुशाल न्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त तिथंच ठेवणार असाल तर मात्र नवी नोंदणी करावी लागते.

तीन. मजुरीला गेलात तर रेशनकार्ड सोबत ठेवा. "एक देश, एक रेशन कार्ड"मुळे केंद्राच्या योजनेचं धान्य तिकडच्या दुकानातही मिळतं.

चार. इथला जातीचा दाखला तिकडे आरक्षणाला चालत नाही. फॉर्म भरण्याआधी हे लक्षात घ्या, नंतर रडू नका.

पाच. मार्च 2021 मध्ये कोरोना वाढला तेव्हा मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या बस बंद केल्या होत्या. आपलं माहेर, दवाखाना आणि बाजार दोन राज्यांत वाटलेला आहे, हे भोपाळ-मुंबईला तेव्हा आठवत नाही.

सहावा नियम माझ्या घरातला. बहिणीला जळगावकडे इंजिनिअरिंग करायचं होतं. इंदूरपेक्षा जळगाव आम्हाला जवळ, आणि मामाचं घर वाटेवर. कागद तपासणीच्या खिडकीवरचा माणूस तिच्याशी मराठीत बोलला. तिनेही मराठीतच उत्तरं दिली. दाखला बघून तो म्हणाला, "तुम्ही बाहेरच्या." त्याचा दोष नाही. त्याच्यासमोर नियम होता.

तो नियम मी नंतर वाचला. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात राज्याच्या उमेदवारांचे ए ते ई असे प्रकार आहेत. त्यातला "ई" प्रकार महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून शिकलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांचा. फार चांगला नियम आहे. बेळगाव-निपाणीच्या पोरांनी आणि त्यांच्या आजोबांनी लाठ्या खाऊन हे मिळवलंय. डिसेंबर 2022 मध्ये तर तिथे जाणाऱ्या महाराष्ट्राच्या मंत्र्यांनाही प्रवेशबंदी झाली होती. त्यांच्या ताटातला घास आम्हाला नको.

पण माझा प्रश्न एवढाच: आमच्यावर "वादग्रस्त" शिक्का नाही, हा आमचा गुन्हा आहे का?

1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड जिल्हा आणि त्यातलं आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. आम्ही मोर्चे काढले नाहीत, हिंदी शिकलो, केळी लावली, शेजाऱ्यांशी गोडीने राहिलो. आणि शांत राहिलो म्हणून आमचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. हक्क मिळवायला आधी भांडण लागतं, असा धडा सरकारने आमच्या पोरांना द्यावा का?

कुणी म्हणेल, महाराष्ट्राच्या जागा महाराष्ट्राच्या पोरांना. बरोबर आहे. रहिवासानुसार सवलत देता येते, हे सुप्रीम कोर्टाने 1955 मध्येच इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या खटल्यात मान्य केलं. मध्य प्रदेशचा कोटा आम्हीही वापरतो, हे लपवत नाही. पण "ई" प्रकाराने हेही दाखवून दिलंय की रहिवास बाहेरचा असला तरी भाषेची ओळख मानता येते. अटी घाला. शाळा सीमेलगतच्या जिल्ह्यातली हवी, मातृभाषेचा पुरावा हवा, जागा मोजक्या आणि वाढीव हव्यात. दहाच असू द्या. पण दार असू द्या.

2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. आमच्या केळीचा ट्रक आता त्यासाठी थांबत नाही. केळीला कुणी विचारत नाही, तू कुठल्या बोर्डाची. पोरीला विचारतात.

बहीण आता इंदूरला आहे. चांगली शिकतेय, तक्रार करत नाही. तक्रार मी करतोय, कारण तिच्यामागून येणारी पोरं अजून आठवीत आहेत, आणि त्यांच्यासाठी नियम बदलायला चार वर्षं हातात आहेत.

तर काम असं: बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, जिथे कुठे आपली मराठी घरं आहेत, तिथल्या ज्यांचं प्रवेशाचं काम असं अडलं त्यांनी तारीख, अभ्यासक्रम आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवा. अर्जाची पोच जपून ठेवा. तोंडी "नाही" घेऊ नका, लेखी मागा. भांडायचं नसेल तरी कागद तरी गोळा करू. शंभर लेखी "नाही" एकत्र टेबलावर ठेवले, की आम्ही कोण हे कुणाला विचारावं लागणार नाही.