कीड नाही म्हणून निर्धास्त राहू नका; डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं खरं दुखणं हिरडीत

कोल्हापूर : शिवाजी पेठेतला उभा मारुती चौक असो नाहीतर गगनबावड्याची एखादी वाडी, डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकराच्या घरात पहिली धावपळ असते ती हृदयाची. अशा जवळपास निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो. त्यामागून थायरॉईड, कान, डोळे, चालणं, बोलणं. तपासण्यांच्या या रांगेत तोंडाचा नंबर शेवटी लागतो. बऱ्याच घरांत तो लागतच नाही.

त्याला कारण आहे. या मुलांचे दात उशिरा येतात. पहिला दात दिसायला वर्ष-सव्वा वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. दात लहान, मध्ये फटी, काही तर येतच नाहीत. त्यामुळे अनेक अभ्यासांत या मुलांमध्ये कीड इतर मुलांपेक्षा कमीच आढळली आहे. घरचे म्हणतात, दात किडलेला नाही, मग काळजी कशाची? फसगत होते ती इथंच.

हुमणीसारखा रोग

दात नीट घासला नाही की त्यावर चिकट थर साचतो आणि त्यात जंतू वाढतात. हिरडी पोखरणारे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू या मुलांच्या तोंडात लहानपणीच ठाण मांडतात. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्यानं शरीराची राखण करणारी यंत्रणाही थोडी ढिली असते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हिरडीपर्यंत वेळेत पोचत नाहीत. त्यात तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची सवय, म्हणून तोंड कोरडं.

उसाला हुमणी लागते तसंच हे. वरून पान हिरवं, खाली मूळ खाल्लेलं. आधी हिरडी सुजते, ब्रशला रक्त लागतं, मग आतलं हाड झिजतं आणि ऐन विशीत दात हलायला लागतात. दुखतंय हे अनेक मुलांना सांगता येत नाही. मूल चिडचिड करतं, भाकरी नको म्हणतं आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो.

हृदयाचा दोष असेल तर धोका दुहेरी. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात उतरून हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग करू शकतात. म्हणून दाताच्या डॉक्टरांना हृदयाची फाईल आधी दाखवावी. आधी गोळ्या द्यायच्या का, ते डॉक्टर ठरवतील.

योजना आहेत, पण...

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तपासायच्या यादीत डाऊन सिंड्रोमही आहे आणि दातांचे विकारही. पण पथकात दंतवैद्य नसतो. पुढं पाठवायचं काम तेवढं होतं. आणि जे मूल अंगणवाडीत, शाळेत जातच नाही, ते पथकापुढं येणार कसं? पुढं पाठवलं तरी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे चिठ्ठी घरातच राहते.

नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंतच्या संरक्षणात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे. मात्र त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र हवं. ज्यांनी ते अजून काढलं नाही, त्यांनी आधी ते काढावं.

घरी काय करायचं

- पहिला दात आला की ब्रश सुरू. दिवसातून दोनदा, रात्रीचा चुकवू नये.
- मुलाच्या मागं उभं राहून मोठ्यांनी घासावं. दात आणि हिरडी जिथं मिळतात, तिथं हळू फिरवावं.
- फ्लोराईडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी.
- मिश्री, राखुंडी अजिबात नको. मिश्रीत तंबाखू असते.
- पहिल्या वाढदिवसाच्या आत दंतवैद्याला दाखवावं. पुढं दर तीन ते सहा महिन्यांनी.

पुढच्या वेळी अंगणवाडीत पथक येईल तेव्हा शाळेत न जाणारं मूलही घेऊन जा आणि 'हिरड्या बघा' असं तोंडानं सांगा. मागितल्याशिवाय ही तपासणी पदरात पडत नाही.