विजेची मोटार आणि वऱ्हाडचा हिशेब

कापसाचा भाव, रुईचा उतारा आणि कर्जाचे व्याज यांचा मेळ घालण्यात ज्या प्रदेशाच्या पिढ्या गेल्या, त्या वऱ्हाडाला हिशेब शिकविण्याची आवश्यकता नाही. तथापि विजेवर चालणाऱ्या मोटारीचा विषय निघाला की अमरावती आणि अकोला येथील सुशिक्षित मध्यमवर्ग हिशेब बाजूला ठेवून ऐकीव गोष्टींवर मत बनवितो, असे दिसते. एका पक्षाला ही मोटार म्हणजे पेट्रोलच्या जाचातून कायमची सुटका वाटते. दुसऱ्याला ती वाटेत बंद पडणारी, उन्हात पेट घेणारी आणि दोन वर्षांत बॅटरीपायी लाखांचा खड्डा पाडणारी आपत्ती वाटते. घराखालोखाल मोटार हीच बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी असते आणि ती बहुधा कर्ज काढूनच होते. चुकीच्या समजुतीची किंमत मग वर्षानुवर्षे हप्त्यांनी मोजावी लागते. म्हणूनच या समजुती पारखून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरी आणि ऊन

बॅटरीविषयीच्या अविश्वासाचे मूळ अनुभवातच आहे. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले, पुढे रस्त्यांवर ई-रिक्षा आल्या. या दोहोंत प्रायः शिसे आणि आम्ल यांच्या बॅटऱ्या वापरल्या गेल्या. त्या थोड्याच वर्षांत थकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु मोटारीतील लिथियमची बॅटरी ही वेगळ्या जातीची वस्तू आहे. तिच्यावर सामान्यतः ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी दिली जाते. ती एके दिवशी अचानक निकामी होत नाही. तिची क्षमता हळूहळू घटत जाते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास कंपनी बॅटरी बदलून देईल, हे हमीपत्रात वाचून घेणे मात्र ग्राहकाचेच काम आहे.

उन्हाची शंका अधिक गंभीर आहे. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उष्णतेत लिथियमची बॅटरी लवकर जीर्ण होते, हे शास्त्रसिद्ध आहे. त्यावर उपाय म्हणून अनेक मोटारींत बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव फिरविण्याची योजना असते, तर काही मोटारींत उष्णता अधिक सोसणारी आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी बसविलेली असते. वऱ्हाडातील ग्राहकाने रंग आणि पडद्याचा आकार पाहण्यापूर्वी या दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. गाडी सावलीत ठेवणे आणि पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तापत न ठेवणे, एवढे पथ्य पाळणे कठीण नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह काही ठिकाणी विजेच्या दुचाक्यांना आगी लागल्या आणि सर्वच विद्युत वाहने संशयाच्या छायेत आली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. पेट्रोल हाही ज्वालाग्राही पदार्थच आहे. त्याच्या धोक्याची आपल्याला सवय झाली आहे, इतकेच. याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. सदोष जोडणी आणि अर्थिंग नसलेला प्लग हा जुन्या घरांतील खरा धोका असून, पहिला खर्च तारतंत्रीवर करणे हाच शहाणपणा होय.

अंतराची भीती

अमरावती ते अकोला हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम नोंदविण्यात आला. बडनेरा, मूर्तिजापूर, परतवाडा आणि शेगाव ही या भागातील नित्याची ठिकाणे एका चार्जिंगच्या सहज आवाक्यात येतात. परंतु जाहिरातीतील आकडा हा प्रयोगशाळेतील आकडा असतो, हे विसरता कामा नये. तीनशे किलोमीटरचा दावा करणारी गाडी वातानुकूलन चालू ठेवून महामार्गाच्या वेगाने नेल्यास दोनशेच्या जवळपास येऊ शकते. तेव्हा अमरावतीहून अकोल्याला जाऊन परतणे हा अशा गाडीच्या क्षमतेचा काठ ठरतो, आणि नागपूरला जाऊन यायचे तर मध्ये चार्जिंग करावेच लागते. चिखलदऱ्याचा घाट चढताना वीज अधिक खर्च होते. उतरताना तिचा काही भाग बॅटरीत परत येतो, पण सगळा नव्हे.

वीज गेल्यास काय, हा प्रश्नही विचारला जातो. पेट्रोल पंपही विजेवरच चालतो, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की, शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला एकदा भरलेली बॅटरी काही दिवस पुरते. तेव्हा एखाद्या रात्रीच्या अंधाराने त्याचे चाक थांबत नाही.

पारसचा कोळसा

‘गाडीचा धूर बंद झाला तरी पारसच्या धुराड्यातून तो निघणारच’, हा आक्षेप अकोल्यात हमखास ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासूनच निर्माण होते आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शंभर किलोमीटरला १५ युनिट धरल्यास हा भार साडेदहा किलो होतो. वहनातील गळती जमेस धरता बारा किलोंच्या घरात जातो. लिटरला १६ किलोमीटर जाणारी पेट्रोलची गाडी त्याच अंतरात साडेचौदा किलोंच्या आसपास वायू सोडते. म्हणजे आज फरक आहे, पण प्रचारक सांगतात तेवढा नाही. शिवाय बॅटरी तयार करतानाचे प्रदूषण वेगळेच. मात्र पेट्रोलची गाडी जुनी होईल तशी अधिक स्वच्छ होणार नाही, आणि वीज सौरऊर्जेच्या प्रमाणात होत जाईल. शिवाय राजकमल चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाणारा धूर आजच कमी होतो, हा लाभ क्षुल्लक नाही.

खरा लाभ कोणाला?

आता पैशाचा विचार. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले तर वरील पेट्रोल गाडीचा शंभर किलोमीटरचा खर्च सुमारे ६५५ रुपये येतो. घरची वीज युनिटला १२ रुपये धरली तर विजेच्या गाडीला १८० रुपये लागतात. सार्वजनिक केंद्रावर २० रुपये दर धरला तरी ३०० रुपये पुरतात. घरी चार्जिंग करणाऱ्याची बचत शंभर किलोमीटरमागे ४७५ रुपये झाली. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक मानल्यास वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचा तो फरक सव्वाचार वर्षांत भरून निघतो. वर्षाला ४,००० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी सोळा वर्षे लागतील. गाडी तीच, दरही तेच; निर्णय मात्र उलटा. तालुक्या-तालुक्यांत फिरणारा औषधविक्रेता आणि रविवारी सहकुटुंब देवदर्शनाला जाणारा निवृत्त कर्मचारी यांना एकच सल्ला देणारा मनुष्य दोघांपैकी एकाचे नुकसान करीत असतो.

याही हिशेबात एक फट आहे. १५,००० किलोमीटरसाठी महिन्याला १८५ हून अधिक युनिट जादा लागतात आणि घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यागणिक चढत जातो. दीडशे युनिटांचे घर त्यामुळे एकदम वरच्या टप्प्यात जाते. वाहन-चार्जिंगसाठी वीजदरात स्वतंत्र वर्गवारी आहे. वेगळी जोडणी परवडते काय, हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे. ज्याचे स्वतःचे छप्पर आहे त्याला सौरपॅनेलचा मार्ग मोकळा आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. अंगण, छप्पर आणि ऊन या तीन गोष्टींत मुंबईच्या सदनिकाधारकापेक्षा वऱ्हाडातील घरमालक निश्चितच श्रीमंत आहे.

सरकारी धोरणाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. विजेच्या गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. पण सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने हे अंतर घटले आहे. राज्याने ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकर माफ केला. परंतु तो मार्ग अमरावती जिल्ह्यातून जात असला तरी अकोला जिल्ह्याला स्पर्श करीत नाही. वऱ्हाडातील रोजच्या प्रवाशाला माफीपेक्षा चालू स्थितीतील चार्जिंग केंद्रांची गरज अधिक आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला असे केंद्र उभारण्याचे राज्याच्या २०२५ च्या धोरणातील आश्वासन मूर्तिजापूर आणि बाळापूर येथे प्रत्यक्षात उतरले, तर जनतेच्या मनातील निम्मी भीती आपोआप नाहीशी होईल. ते कागदावर राहिले, तर त्या भीतीला अज्ञान म्हणण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही.

तोपर्यंत ग्राहकाने विक्रेत्याच्या उत्साहावर वा शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. वर्षाकाठी किलोमीटर किती, गाडी रात्री कोठे उभी राहणार आणि लांबचा प्रवास किती वेळा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळच आहेत. ती मांडून मगच कर्जाच्या कागदावर सही करावी.