लॅपटॉपची हार्ड डिस्क स्वतः बदलावी का?

यंदा रमजानच्या आधी माझा लॅपटॉप सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेऊ लागला. चहा ठेवावा, तो उकळावा, कपात यावा, तरी पडद्यावरचा गोल फिरतोच आहे. आधी वाटलं, घुग्घुसची धूळ. एकीकडे वेकोलिच्या कोळसा खाणी, दुसरीकडे सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने; सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे इथे कुठल्याही बिघाडाचं खापर आपण धुळीवर फोडतो. पण धूळ साचते ती पंख्यात. डिस्क तपासणारं एक मोफत सॉफ्टवेअर चालवलं, तर त्याने पिवळा इशारा दाखवला. चकतीचे काही भाग निकामी झाले होते आणि आणखी होणार होते. डिस्क बदलायला हवी होती.

कुणी बदलायची, एवढाच प्रश्न होता. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "दुकानात दे ना भाऊ, आपलं काम आहे का ते?" वरवर पाहिलं तर हा चार-पाचशे रुपयांच्या मजुरीचा हिशेब. मला तो तसा वाटेना, कारण त्या डिस्कवर काय आहे ते मला माहीत होतं.

डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला आणि एनआरसीची चर्चा घराघरांत पोचली. तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी केलं तेच मीही केलं. लोखंडी पेटी उघडली. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, अब्बांच्या खाणीतल्या नोकरीचे कागद, घरटॅक्सच्या पावत्या, अम्मीचा निकाहनामा, सगळं एकेक करून स्कॅन केलं. दोन रात्री लागल्या. तेव्हा मनात भीती होती ती माणसांची. ऑगस्ट 2022 मध्ये जमिनीची भीतीही कळली. आपल्याच घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता साठ-सत्तर फूट खाली गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, आपले कागद पेटीत आहेत तसे लॅपटॉपमध्येही आहेत.

आणि आता तोच लॅपटॉप मान टाकत होता.

कागदांशिवाय घरातले फोटोही होते. बहिणीच्या लग्नातले बायकांच्या मंडपातले, अम्मीचे शेवटच्या दिवसांतले. आपल्या घरांत हे फोटो पाहुण्यांनाही सहज दाखवत नाहीत. मग अनोळखी दुकानाच्या काउंटरवर, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून, अख्खा लॅपटॉप दोन दिवसांसाठी आपण ठेवून कसे येतो? आमच्या एका नातेवाइकाने शहरातल्या दुकानात डिस्क बदलून घेतली. नवी बसली, पैसे दिले, घरी आले. जुनी डिस्क कुठे गेली, हे ना त्यांनी विचारलं, ना दुकानदाराने सांगितलं. तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. पण मंद झालेली डिस्क म्हणजे कोरी डिस्क नव्हे. तिच्यातल्या फायली वाचता येतात. 'डिलीट' केलेल्याही पुष्कळदा परत मिळवता येतात. हाँगकाँगमध्ये एका नामांकित अभिनेत्याने लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. त्यातले खासगी फोटो तिथल्या तंत्रज्ञाने काढून घेतले आणि 2008 साली ते जगभर पसरले. तंत्रज्ञाला शिक्षा झाली, पण त्या फोटोंतल्या बायकांची गेलेली अब्रू कोणतं कोर्ट परत देणार होतं?

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत करणं हा दीनचा भाग आहे, हे लहानपणापासून ऐकतो. हा शब्द आपण नेहमी घेणाऱ्याला ऐकवतो. देणाऱ्याची जबाबदारी मात्र विसरतो. त्या डिस्कवरचे फोटो एकट्या माझे नव्हते. बहिणीची, अम्मीची अमानत माझ्याकडे होती. ती कुणाच्या हाती द्यायची, हे ठरवताना फक्त मजुरी बघणं मला पटेना.

इथे कुणी म्हणेल, मग मिस्त्रीच्या पोटाचं काय? प्रश्न रास्त आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानेच नोंदवलं आहे की मुस्लिम कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यात जास्त आहेत, आणि वाहनदुरुस्ती हे त्यातलं एक ठळक क्षेत्र आहे. गॅरेज, मोबाइलचं दुकान, पंखे-कूलरचं रिवाइंडिंग यावर आपली कितीतरी घरं चालतात. हुनर हीच ज्यांची जमीन, त्यांचं काम मी का हिरावू? पण हुनर असलेल्या माणसाला चार स्क्रू काढण्याचे पैसे देऊन त्याचा सन्मान होत नाही. जे आपल्याला खरंच जमत नाही, म्हणजे बोर्डवरचं सोल्डरिंग, तुटलेली बिजागरी, जळालेला चार्जिंग पोर्ट, ते त्याच्याकडे न्यावं आणि तिथे घासाघीस न करता पैसे द्यावेत. पैगंबर (स.) घरी आपली पादत्राणं स्वतः सांधत, कपडे स्वतः शिवत, असं हजरत आयशांच्या रिवायतीत येतं. म्हणून त्या काळी चांभार-शिंपी उपाशी मेले नाहीत.

मात्र 'स्वतः करा' हा सल्लाही डोळे मिटून देऊ नये. हार्ड डिस्कच्या आत चकती मिनिटाला 5400 वेळा फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही हजारो पट कमी अंतरावर तरंगतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल आणि आतल्या गोष्टींची दुसरी प्रत नसेल, तर लॅपटॉप बंद करा आणि हात लावू नका. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्यानेच उरलेलं जातं. तो डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञांचा मामला आहे, आणि महागडा आहे. डिस्कचं स्वतःचं झाकण तर कधीच उघडायचं नाही. काही नव्या पातळ लॅपटॉपमध्ये साठवणूक मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. तिथे घरी बदलण्यासारखं काही नसतंच. वॉरंटी चालू असेल तर आधी तिच्या अटी वाचाव्यात.

माझी डिस्क फक्त मंद होती, लॅपटॉप जुना होता, वॉरंटी कधीच संपली होती. तरी पहिलं काम प्रत काढण्याचं केलं. उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, हे आपण भाषणात फार ऐकतो. बॅकअपच्या बाबतीत मात्र सगळे उंट मोकळे सोडतो. कागद आणि फोटो एका बाहेरच्या डिस्कवर घेतले. मग त्याच अडीच इंची मापाची एसएसडी आणि ती यूएसबीला जोडणारी एक वायर मागवली, आणि क्लोन करणाऱ्या सॉफ्टवेअरने जुनीची हुबेहूब नक्कल रात्रभर उतरवून घेतली.

रविवारी फजरनंतर, पंखा बंद करून, अकरावी सायन्सला असलेल्या भाचीला सोबत घेतलं. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढून जो स्क्रू जिथला, तो त्या चित्रावर तिथेच ठेवला. आधी बॅटरी सुटी केली. हात लोखंडी कपाटाला लावून अंगातली वीज उतरवली. डिस्कच्या चौकटीचे चार स्क्रू भाचीने काढले. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर होता. नवी बसवली, बटण दाबलं, अर्ध्या मिनिटाच्या आत पडदा आला. "मामू, एवढंच होतं?" ती म्हणाली.

एवढंच होतं, आणि ते आपल्याला माहीत नव्हतं. वस्तू उघडू नका, फेकून नवी घ्या, हे आपल्याला इतकं शिकवलं गेलं आहे की 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमून पोर्टल काढावं लागलं. तो हक्क पोर्टलवर राहील, की आपल्या घरातल्या स्क्रूड्रायव्हरपर्यंत येईल, हे बरंचसं आपल्यावर आहे.

जुनी डिस्क मी भंगारात दिलेली नाही. तारीख लिहून ती पेटीत, आजोबांच्या दाखल्याशेजारी ठेवली आहे. कागदांची एक प्रत मात्र आता घुग्घुसबाहेर, नागपूरला बहिणीच्या घरी आहे. आमराई वॉर्ड विसरलेलो नाही.