शाळेची वाट कोणी अडवली?

एकेकाळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. सदाशिव-नारायण पेठांतील मुले दप्तर पाठीला लावून पायी शाळेत जात. आज त्याच पेठांतून दहा वर्षांच्या मुलाला एकटे पाठविण्याचे धाडस आईवडिलांना होत नाही. तो त्यांचा भित्रेपणा नव्हे. पदपथ दुचाकींनी व्यापले आहेत आणि कोंडी झाली की वाहने पदपथावरूनच धावतात.

उपाय झाले नाहीत असे नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट मार्गावर बीआरटीचा प्रयोग सुरू झाला, २००७ मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली, २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली. तरीही घरापासून शाळेपर्यंतचे अर्धा किलोमीटर अंतर मुलाला सुरक्षितपणे चालता येत नसेल, तर प्रशासनाला जाब विचारलाच पाहिजे.

मात्र प्रश्न तेथे संपत नाही. शाळा सुटताना फाटकासमोर दुहेरी रांगेत मोटार उभी करणारा, घाईत सिग्नल तोडणारा, विरुद्ध दिशेने दुचाकी दामटणारा बहुधा पालकच असतो. मागे बसलेले मूल नागरिकशास्त्राचा खरा धडा तेथेच गिरवते.

एकाच सोसायटीतील पालकांनी आळीपाळीने दहा-बारा मुलांना पायी शाळेत नेले, तरी फाटकासमोरची तेवढी वाहने कमी होतील. मोकळा पदपथ मागण्याचा नैतिक अधिकार, तो स्वतः न अडविणाऱ्यालाच शोभतो.