गिऱ्हाइकांची वही फुटते तेव्हा

मुनिमाने गिऱ्हाइकांची वही परक्यास दाखविली, तर जुन्या पेढीवर त्यास दुसऱ्या दिवशी जागा नसे. कोणाची उधारी किती, कोणी दागिना मोडला, हे पेढीबाहेर जावयाचे नाही, हा दंडक कोठे लिहून ठेवावा लागला नव्हता. आज तसल्याच वह्या मोठ्या कंपन्यांच्या संगणकांत आहेत. त्या फुटल्या म्हणजे बहुधा एक पत्रक निघते : आपल्या कार्डाचा गुप्त अंक सुरक्षित आहे. हा दिलासा आम्हांस पोकळ वाटतो.

२०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले की, प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सीटा या कंपनीच्या यंत्रणेतून जगभरच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची नावे, जन्मतारखा, पारपत्रांचा व तिकिटांचा तपशील गेला. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचे दावे व वैद्यकीय अहवाल टेलिग्रामवर मागेल त्यास मिळू लागले. कंपनी न्यायालयात गेली. परंतु बाजारात गेलेले रोगाचे नाव परत वहीत कसे यावे?

ठकास कार्डाचा अंक चोरावा लागतच नाही. तो आपणच त्यास सांगतो. त्यास हवा असतो विश्वास बसेल असा तपशील. आपली अमुक पॉलिसी, गेल्या महिन्यातील शस्त्रक्रिया, अडकलेल्या दाव्याची रक्कम, हे सारे फोनवर बिनचूक सांगणाऱ्यास खोटा कोण म्हणेल? मग सावध मनुष्यही ओटीपी देऊन बसतो. अशांना भोळे म्हणून हसण्याची जी चाल पडली आहे, ती अन्यायाची आहे. यादीत पासवर्ड असले, तर यंत्राकरवी तेच इतर ठिकाणच्या कुलुपांना लावून पाहतात. कारण पुष्कळ लोक सर्वत्र एकच किल्ली वापरतात. उरलेले क्रमांक जाहिरातवाल्यांच्या कामी येतात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात निष्काळजीपणास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दंड मोठा खरा. पण तो जातो सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्यास त्यातील एक पैसाही नाही. उलट, माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील नुकसानभरपाईचे कलम ४३-ए वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. व्यापारी संघांनी याविरुद्ध बोलावयास हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र आपल्या गल्ल्यावर काय चालते? पावशेर हळद घेणाऱ्याचाही मोबाईल क्रमांक विचारला जातो. तो कशाला? जुना संगणक हार्ड डिस्कसह भंगारात जातो. नोकरी सोडणाऱ्या पोऱ्याच्या फोनमध्ये सारी यादी राहते. क्रमांक नडीपुरताच घ्यावा, काम झाल्यावर पुसावा. यादी फुटलीच तर काय काय गेले ते गिऱ्हाइकास नेमके कळवावे, म्हणजे फोन आल्यावर तो सावध राहील. आणि कोणाचे पैसे गेलेच तर त्याच घटकेस १९३० वर फोन करावयास सांगावे. रक्कम पुढील खात्यांत पांगण्यापूर्वी गोठविली जाण्याचा संभव असतो.